गुल्हाने सरांची उन्हाची छत्री

गुल्हाने सर पावसात छत्री घेत नसत. आर्णीत धो धो पाऊस पडत असला तरी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते कॉलेजात येत. होळी झाली की मात्र कपाटावरची काळी छत्री खाली उतरे, आणि मग ती जूनपर्यंत त्यांच्या डोक्यावरून हलत नसे. पुरुष माणसानं उन्हात छत्री घेणं आमच्याकडे हसण्यावारी नेतात. डोक्याला दुपट्टा गुंडाळावा, फार तर टोपी घालावी, छत्री कशाला? चौकातल्या पानठेल्यावरून रोज कोणीतरी हटकून विचारी, "काहून सर, कुठं पाणी पडून राह्यलं?" सर न थांबता सांगत, "पाण्यानं सुरकुत्या पडत नाईत, बावा."

मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. वय चौतीस. यवतमाळच्या आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतल्या खुर्चीवर बसणारे. शेतीशी संबंध तुरीच्या डाळीपुरता. रोज सकाळच्या एसटीनं आर्णीला जायचं आणि दुपारी परत यायचं. सर जीवशास्त्र शिकवत. बावन्न वर्षांचे, काटकुळे, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले आणि कॉलेजात जाईपर्यंत वावरात राबलेले. त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला आडव्याउभ्या रेघांचे चौकोन पडले होते. छत्री त्यांनी चाळिशीनंतर हातात धरली. "माहं तं झालं मॅडम," ते म्हणत, "उरलं तेवढं वाचवून राह्यलो."

मुलं त्यांना मागून 'कायले सर' म्हणत, कारण कोणी काहीही सांगितलं की सरांचा पहिला शब्द तोच: कायले, म्हणजे का, कशाला. सर, आज डब्यातलं वरण आंबलं. कायले? सर, आजीचे पाय सुजले. कायले? नवख्या मुलाला वाटे सर वैतागले, पण सर खरोखरच विचारत असत आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नसत. एकदा प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की उद्यापासून सगळ्यांनी अर्धा तास लवकर यायचं. सर म्हणाले, "कायले?" आम्ही सगळे हसलो. प्राचार्यांचा चेहरा पडला, आणि काय चुकलं हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सुरकुत्यांचं वेड त्यांना रद्दीतून लागलं. कुठल्याशा विज्ञानाच्या मासिकाचे जुने अंक त्यांनी किराणा दुकानदाराच्या गठ्ठ्यातून, पुड्या बांधल्या जायच्या आत, सोडवून आणले होते. त्यातलं एक पान ते महिनाभर खिशात घालून फिरत होते. डबा खाताना त्यांनी ते मला समजावून सांगितलं. उन्हाचा मारा बसला की कातडीतल्या पेशी वाढीचा एक पदार्थ सोडतात. जखम झाली असेल तर तो कामाचा, कारण तो नव्या रक्तवाहिन्या फुटवतो. पण रोजच्या उन्हात त्या विनाकारण फुटत राहतात, पाझरतात, आणि कातडीखालची वीण हळूहळू उसवत जाते. वीण उसवली की वर चुणी पडते. आता परदेशात कोणी असं प्रोटीन अभ्यासलं होतं, की जे त्या वाढीच्या पदार्थालाच अडवून धरतं. उंदरांना दिव्याखाली ठेवून पाहिलं, तर ज्यांच्या कातडीत हे अडवणारं प्रोटीन जास्त, त्यांना सुरकुत्या कमी पडल्या.

"म्हणजे सुरकुती वयानं पडत नाही?" मी विचारलं.

"वयानंबी पडते. पण वयाची किती आन् उन्हाची किती, हे आपल्याकडं कोणी मोजलं?" भाकरीचा तुकडा हातातच राहिला होता. "उंदराचं झालं. आर्णीच्या माणसाचं काय?"

मोजायचं कसं, हे त्यांना अकरावीच्या पोरींनी शिकवलं. सुतारकामाचा पांढरा गोंद तळहातावर फासायचा, वाळू द्यायचा आणि पापुद्रा अलगद सोलायचा, हा मागच्या बाकांवरचा जुना उद्योग. सरांनी एकीचा तो उद्योग पकडला. ती रडायच्या बेतात होती. सरांनी पापुद्रा उजेडाकडे धरला, मग काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. कातडीची रेघ न् रेघ त्यावर उमटली होती. पुढचा सगळा तास चाळीस मुलांनी रांगेत उभं राहून त्या मुलीचा तळहात पाहिला.

त्यानंतर सर आर्णीभर गोंद घेऊन फिरू लागले. एका जुन्या हजेरीपटात ते ठसे चिकटवत आणि खाली लिहीत: नाव, गाव, काम, दिवसाला ऊन किती तास. प्रत्येकाचे दोन ठसे. एक हाताच्या पाठीचा, म्हणजे उन्हातला. दुसरा दंडाच्या आतल्या बाजूचा, जिथं जन्मात ऊन पोचत नाही. बायकांचे ठसे घ्यायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या कपाटामागं मी ते घेई. वीज गेली की पंखा थांबे आणि गोंद वाळेना. मग मी वहीनं वारा घालत बसे. त्यांच्या घरी एकदा गेले तेव्हा काकू चहाचा कप पुढं करत म्हणाल्या, "भाजी आणाले पाठोलं तं गोंद घेऊन येते हा माणूस. माया हातावरचे केससुद्दा निंघून गेले." सर आतल्या खोलीत कान देऊन होते. तिथून आवाज आला, "केस निंघाले का ठसा चांगला येते."

आमच्या सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरवर त्यांनी दोन महिने डोळा ठेवला होता. एका रविवारी ते मुद्दाम यवतमाळला येऊन राहिले आणि सोमवारी माझ्याबरोबर त्या गाडीत बसले. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावर बसून त्यांनी त्याच्या दोन्ही गालांची पाहणी केली. खिडकी उजवीकडे, म्हणून उजव्या गालावर जाळं जास्त, असं त्यांचं म्हणणं. "तुमाले कदी जाणवलं का, उजवा गाल डाव्याहून म्हातारा हाये?" ड्रायव्हरनं समोरची नजर न काढता सांगितलं, "मले गाडी चालवाची असते सर. माया बायकोले इचारा." सर खरोखर पुढच्या रविवारी त्याच्या घरी गेले. बायकोनं सांगितलं की वीस वर्षं हा माणूस घरी येऊन डाव्या कुशीवर झोपतो, उजवाच गाल वर असतो, आणि सर म्हणतात ते अगदी खरं आहे.

ती वर्षं कापसाला वाईट होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असे आणि बाहेरून माणसं फोटो काढायला येत. त्यांना हवे असत ते चेहरे; जितक्या सुरकुत्या जास्त तितका फोटो चांगला. सरांना याचा राग येई, आणि ते सहसा रागावत नसत. एक फोटोवाला बसस्टँडवर एका शेतकऱ्याला उन्हात तोंड करून उभं करत होता. सरांनी जाऊन त्या शेतकऱ्याच्या डोक्यावर छत्री धरली. फोटोवाला म्हणाला, "काका, बाजूला व्हा, सावली पडतेय." सर म्हणाले, "तेच तं करून राह्यलो." मला नंतर म्हणाले, "सुरकुतीचा फोटो काढते, पण ती पडली कायनं, ते इचारत नाई."

सरांचं हे सगळं मला तेव्हा गमतीचं वाटे. आवडेही. घरी जाऊन मी त्यांच्या नकला करी. पण एक दिवस गंमत संपली.

बारावीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची आई शेवंताबाई. दुपारी दोनच्या सुमाराला ही बाई पदरानं तोंड झाकून कॉलेजात आली आणि थेट प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. पदर काढला तेव्हा माझ्या हातातली वही पडली. चेहरा लाल, टरारून सुजलेला, एक डोळा मिटलेला. तिनं आदल्या दिवशी कापसाची पानं वाटून तोंडाला लावली होती.

त्याचा अर्थ समजायला आम्हाला वेळ लागला. नव्या बियाण्याचा तेव्हा बोलबाला होता. या बियाण्यात असं प्रोटीन आहे की बोंडअळी मरते, हे प्रचाराच्या गाड्या गावोगाव सांगून गेल्या होत्या. प्रोटीन हा शब्द आमच्या भागात आला तोच त्या बियाण्याबरोबर. इकडे मुलीनं घरी सांगितलं होतं की सर म्हणतात, एका प्रोटीननं सुरकुत्या पडत नाहीत. शेवंताबाईनं दोन्हींची सांगड घातली. "व्याही लोकं म्हनन, नवरीची माय हाये का आजी," ती सुजलेल्या ओठांनी म्हणाली. "आन् प्रोटीन तं औंदा आमच्या वावरातच होतं ना सर." त्या वावरात दोनच दिवसांपूर्वी फवारणी झाली होती.

सरांनी तिला बोअरवेलच्या हापशाखाली बसवलं आणि स्वतः हापसत राहिले, पाऊण तास. मी तिचं तोंड धूत होते. मग तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला, सूज चारपाच दिवसांत उतरली, लग्नही थाटात झालं. पण त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर सर छत्री मांडीवर आडवी घेऊन बसले होते आणि त्यांनी एकदाही 'कायले' म्हटलं नाही. मला त्यांची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "मॅडम, तुमी मराठीच्या. मले शब्द द्या. प्रोटीन हा शब्द आता मी वर्गात काढणार नाई."

मी विचार करून 'वाढरोधक प्रथिन' असा शब्द दिला.

"हे आयकून शेवंताबाई पानं नाई, कागद वाटून लावन," सर म्हणाले.

प्रयोगशाळेची फरशी पुसणारी मावशी तिथंच होती. रोज सकाळी झाडलोट करून, बाटल्या धुऊन ती बारापर्यंत असे आणि तिथून कोणाच्या तरी वावरात कापूस वेचायला जाई. नाव वच्छला. पुढचे दोन दात पडलेले, केस पिकलेले, चेहऱ्यावर सुरकुत्यांची दाटी. मुलं, शिक्षक, प्राचार्य सगळे तिला मावशीच म्हणत, सरही म्हणत. तिनं फडकं बादलीत पिळलं आणि म्हणाली, "कापसाची पऱ्हाटी नुसतीच वरवर गेली का आमी तिचा शेंडा खुडतो. मंग तिची वाढ थांबते. तसंच ना हे?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. "मावशी, पुन्हा सांगा."

"शेंडा खुडते मनजे. तुमचं ते उंदराचं."

सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शेंडाखुड्या. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात त्या प्रोटीनचं नाव तेच झालं. मी एम.ए. झालेली, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता, आणि त्याचं वाईट वाटण्याऐवजी मी तेव्हा हसले. हसले, कारण तो मावशीनं दिला होता.

आठवडाभरानं मावशी पोचा मारता मारता सरांच्या टेबलाजवळ रेंगाळली. "सर, तो शेंडाखुड्या कुठी भेटते?"

"कायले?"

"मले पायजे. मयन्याभरात तोंड थोडंसं बरं दिसन, एवढाच."

सर खुर्ची मागं सरकवून बसले आणि तिनं जमिनीकडे पाहत सांगितलं. तिच्या पोडात, म्हणजे गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीत, अंगणवाडीला मदतनीस घ्यायची होती. लेकरं जमवायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. तिनं अर्ज केला. कचेरीतल्या साहेबांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग रेशनकार्डाकडे. कार्डावर वय पन्नास. वयाची अट होती. अर्ज त्यांनी तसाच बाजूला ठेवला आणि म्हणाले, पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत, वयाचा दुसरा कागद असला तर आणा, नाही तर घरी बसा आजी.

"कागद तं नाई माज्याजवळ," ती म्हणाली. "मनलं तोंड तरी सुदरावं."

"पण हेच काम कायले?" सरांनी विचारलं.

"सावलीतलं हाये सर," ती म्हणाली. "सात वर्साची होती तवापासून वेचाले जाऊन राह्यली. मले आता सावली पायजे."

सरांनी तिला खोटी आशा लावली नाही. शेंडाखुड्या अजून उंदरांपर्यंतच पोचला आहे, माणसांपर्यंत यायला किती वर्षं लागतील ते कोणी सांगू शकत नाही, आणि आला तरी पडलेली सुरकुती तो पुसेल की नुसती नवी अडवेल हेसुद्धा माहीत नाही, असं त्यांनी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि बादली उचलू लागली. तेव्हा सरांना सुचलं ते अगदी त्यांच्या स्वभावाप्रमाणे: "मावशी, तुमचा ठसा राह्यला घ्यायचा."

खरं तर त्यांना हजेरीपटाची शेवटची दोन पानं भरायची होती. एक उन्हातली बाई, एक सावलीतली. सावलीतली म्हणजे मी. कपाटामागं आम्ही दोघी समोरासमोर बसलो, बाह्या वर करून, दंडाला गोंद लावून. तिचे हात कोपरापर्यंत काळेभोर आणि खडबडीत. बाही वर सरकली तेव्हा आतला दंड दिसला आणि मी नजर काढून घेतली; आपण काहीतरी पाहू नये ते पाहिलं असं वाटलं. तिनं मला विचारलं, "दुखन का?" मी म्हटलं, "नाही मावशी, नुसतं ओढल्यासारखं होतं."

चार ठसे नाव घालून मी सरांना दिले. थोड्या वेळानं त्यांची हाक आली. "मॅडम, लेबलं चुकली तुमच्याकडून."

मी म्हटलं, चुकलेली नाहीत. ते म्हणाले, चुकली. माझ्या व्यवस्थितपणाबद्दल मला अभिमान होता, त्यामुळे मी जरा चिडूनच सांगितलं की हवं तर पुन्हा घेते. पुन्हा घेतले. या वेळी सर कपाटाच्या अलीकडे उभे राहून एकेक ठसा माझ्या हातातून घेत गेले. मग भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसले. मागं एसटीचा हॉर्न वाजला. माझी गाडी गेली.

"हाताची पाठ पाहा तं साठीची बाई," ते शेवटी म्हणाले. "आन् दंड पाहा. हिचा दंड आन् तुमचा दंड एकाच वयाचे हायेत."

'हिचा' म्हणाले ते. चार वर्षं 'त्यांचा' म्हणत आले होते. मी भिंगातून पाहिलं. बारीक बारीक त्रिकोणांची जाळी, माझीही तशीच, तिचीही तशीच. कोणती कोणाची हे नाव झाकलं तर मलाही सांगता आलं नसतं. मी चार वर्षं जिला मावशी म्हणत होते, जिनं दिलेल्या शब्दाला मी हसले होते, ती माझ्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसली असती इतक्या वयाची होती. मला लाज वाटली. आजही वाटते.

"वच्छला," सरांनी हाक मारली. ती चमकली, कॉलेजात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. "तुह्यं वय किती?"

"कार्डावर पन्नास हाये."

"कार्ड ठेव बाजूले. ते लिवलं कोणं?"

"लिवनारा आला होता घरोघर. मले इचारलं, मी मनलं मले नाई मालूम. मंग त्यानं माज्या तोंडाकडं पायलं आन् लिवलं."

सरांनी टेबलावर हात आपटला. रागानं नव्हे, कोडं सुटू लागलं म्हणून. "हे काई पक्कं नाई," ते मला बजावू लागले, "पाचसात वर्सं इकडंतिकडं होऊ शकते. कातडी काई जन्मदाखला नाई. पण पन्नास नाई, हे मी लेहून देतो." मग तिच्याकडे वळून, "शाळेत गेलती का कदी?"

"दोन मयने गेलती. बोरीले, माहेरी. मंग भाऊ झाला, त्याले धराले घरी ठिवलं."

शनिवारी आम्ही तिघं दारव्ह्यावरून बोरी अरबला गेलो. एसटीत ती खिडकीशी बसली होती. उन्हं तिच्या बाजूला आली तशी सरांनी तिला उठवून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः खिडकीशी बसले. शाळेचे हेडमास्तर भले होते; त्यांनी विचारलं, कोणत्या सालचं रजिस्टर काढू? पन्नाशीच्या बाईसाठी काढायचं तर फार जुनं काढावं लागलं असतं, आणि ते सालच चुकीचं. सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमी पहिलीत कोणत्या साली होत्या?" मी सांगितलं. तेच रजिस्टर निघालं, आणि त्याच्या मागचं पुढचं एकेक.

हेडमास्तरांनी बोट फिरवत तिन्ही रजिस्टरं पाहिली. वच्छला नावाची मुलगी नव्हती. पुन्हा पाहिली. नव्हती. सरांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं आता संपलं. गोंदाच्या पापुद्र्यावर विश्वास ठेवून आपण एका बाईचा शनिवारचा रोज बुडवला.

ती दाराबाहेर चपला काढून उभी होती. तिथूनच हळूच म्हणाली, "बेबी पाहा."

"काय?"

"वच्छला तं सासरचं. लगनात ठिवलं. माहेरी मले बेबी मनत." आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या पन विसरलीच होती."

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. माझं स्वतःचं बदललेलं आहे. तरी दोघांच्याही डोक्यात ते आलं नाही. पुढच्या सालच्या रजिस्टरात, पान उलटताच, बेबी नामदेव सापडली. माझ्याहून एका वर्षानं लहान. जन्मतारीख एक जुलै. सरांनी वरखाली पाहिलं. त्या पानावरची अर्धीअधिक मुलं एक जुलैचीच होती.

"अख्खी बोरी एका दिवशी जन्मली?" सर म्हणाले. "कायले?"

हेडमास्तर हसले. "जुने मास्तर सर. शाळेत घ्याचं तं तारीख लागते, मायबापाले ठाऊक नसते. ज्याले त्याले एक जुलै."

तारीख खोटी, पण साल खरं होतं. सरांना एवढं पुरे होतं. शाळेचा उतारा, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जमवून मुलाखतीच्या दिवशी ते तिच्याबरोबर गेले, मीही गेले. साहेबांनी उतारा वाचला, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा उतारा वाचला. "बाई तर म्हातारी दिसते," ते म्हणाले. सर याच वाक्याची वाट पाहत होते. त्यांनी पिशवीतून हजेरीपट काढला, शेवटचं पान उघडून साहेबांपुढं सरकवलं. "हे काय?" "कातडी," सर म्हणाले. साहेबांनी हात एकदम मागं घेतला आणि म्हणाले, हे उचला, मला कागद पुरेसा आहे. तिला काम मिळालं. बाहेर आल्यावर ती रडत होती, मी तिचा हात धरला होता, आणि सर मात्र खट्टू होते. "एकदा भिंगातून पाह्यलं असतं तं त्याचं काय गेलं असतं?"

निघताना ती मला म्हणाली, "मॅडम, आता मले मावशी नोका मनू."

"मग काय म्हणू?"

तिनं थोडा विचार केला. "बेबी मना. तुमी दोघंच मना."

पुढं माझी बदली यवतमाळलाच झाली आणि आर्णी सुटली. सर निवृत्त झाले. सहासात वर्षांनी एप्रिलमध्ये एका लग्नाला आर्णीला गेले तेव्हा बसस्टँडवर दुरूनच काळी छत्री दिसली. सर आणखी वाळले होते. बरं झालं आल्या, म्हणाले, आज बेबीचा दुसरा ठसा घ्यायचा आहे, बायकांचं काम तुमचं. लग्न राहिलं बाजूला. मी त्यांच्याबरोबर पोडाकडे निघाले.

अंगणवाडी टिनाच्या छपराची, पण समोर कडुनिंब होता. बेबीनं दात बसवून घेतले होते. पंधरावीस लेकरं खिचडी खात होती. तिनं हात धुतला आणि काही न विचारता माझ्यापुढं पालथा धरला. मी गोंद लावला, वहीनं वारा घातला. लेकरं जेवण सोडून भोवती जमली. पापुद्रा सोलून मी सरांना दिला. त्यांनी खिशातून जुना ठसा काढला, दोन्ही उजेडाकडे धरले आणि भिंग लावून पाहत राहिले. बेबी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मुलाखतीच्या दिवशीसुद्धा तिचा चेहरा इतका ताणलेला नव्हता.

"गेल्या का सर?"

"नाई," सर म्हणाले. खोटं त्यांना जमत नसेच. "गेल्या नाईत. पण थांबल्या. एकही नवी नाई."

आपल्याच हाताच्या पाठीवरून तिनं दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं आणि लेकरांना वाढायला वळली.

सर निघाले. दोन्ही ठसे डोळ्यांपुढं धरून, काहीतरी पुटपुटत, ते कडुनिंबाच्या सावलीतून बाहेर पडले आणि तसेच भर दुपारच्या रस्त्याला लागले. छत्री भिंतीला टेकवलेली राहिली. मला ती दिसायच्या आत बेबीला दिसली. हातातला डाव टाकून ती छत्री घेऊन अनवाणी धावली आणि वळणाच्या अलीकडे तिनं त्यांना गाठलं. सरांनी मागं वळून पाहिलं. छत्री उघडली, आणि स्वतःच्या डोक्यावर न धरता तिच्या डोक्यावर धरली.

"बेबी, तू कायले आली उन्हात?" त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला. "चाल, तुले सावलीपर्यंत पोचवतो."